पाण्याची छिन्नी

लोखंड लोखंडानेच कापावे, ही कारागिरांची जुनी रीत. कानस असो वा छिन्नी, कापणारे हत्यार कापल्या जाणाऱ्या वस्तूहून कठीण हवे. परंतु धातू अतिशय कठीण असेल आणि आकार त्याच्या पोटात खोलवर द्यायचा असेल, तर काय करावे?

विमानाच्या जेट इंजिनातील टर्बाइनचे पाते घ्या. आधुनिक इंजिनात त्याच्याभोवतीच्या वायूंचे तापमान पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूहूनही अधिक असू शकते. पाते टिकते, ते त्याच्या आतून खेळवलेल्या तुलनेने थंड हवेमुळे. या हवेचे काही मार्ग ओतकामातच घडतात. काही मात्र निकेलच्या कठीण मिश्रधातूत नंतर पाडावे लागतात.

तेथे विद्युत-रासायनिक पद्धत उपयोगी पडते. घडवायची वस्तू धनाग्र आणि हत्यार ऋणाग्र असते. दोहोंमधील अगदी अरुंद फटीतून बहुधा मिठाचे द्रावण वेगाने वाहते. वीज सुरू होताच वस्तूचा धातू विरघळू लागतो. ऋणाग्रापाशी हायड्रोजन वायू निघतो, हत्यार मात्र झिजत नाही. किती धातू सुटेल, हे त्याच्या कठीणपणावर अवलंबून नसते. ते विद्युतप्रभारावर ठरते. हा नियम मायकेल फॅरडे यांनी १८३०च्या दशकात मांडला. त्यानुसार १००० अँपिअर प्रवाह एका मिनिटात सुमारे १७ ग्रॅम लोखंड विरघळवू शकतो.

लांब छिद्रासाठी टिटॅनियमची पोकळ नळी वापरतात. तिच्यावर विद्युतरोधक लेप असल्याने टोकापाशीच धातू विरघळतो. येथे मिठाऐवजी आम्ल घेतात. मिठाच्या द्रावणात धातूचा गाळ साचून वाट तुंबते, आम्लात तो विरघळून राहतो. पुढे, ठरावीक अंतरांवर लेप काढलेली नळी त्याच छिद्रात स्थिर धरली, की उघड्या भागांसमोरच धातू झिजतो आणि मधे कंगोरे उरतात. हे कंगोरे हवेला घुसळतात व पाते अधिक थंड राहते.

हत्यार वस्तूला टेकत नसल्याने तिच्यात ताण किंवा उष्णतेचे सूक्ष्म तडे निर्माण होत नाहीत. वेगाने फिरणाऱ्या पात्यातील एक तडाही घातक ठरू शकतो. मात्र या पद्धतीला वीज पुष्कळ लागते. शिवाय क्रोमियमयुक्त मिश्रधातूंमुळे द्रावणात विषारी षट्संयुजी क्रोमियम उतरू शकते. ते निर्धोक केल्यावाचून सांडपाणी सोडणे हा अपराधच होय. धातू घडवणारे पाणी नदी बिघडवणारे ठरू नये, एवढी दक्षता घेतली, तरच हे कौशल्य सार्थ ठरते.