मुदत पाळायची तर यादी आखडावी

व्यापारात मालाच्या प्रतीइतकेच मोल दिलेल्या तारखेला असते. दिवाळीचा माल देवदिवाळीला पोहोचला, तर तो कितीही उत्तम असला तरी गोदामातच पडून राहतो. संगणकाचे सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांनाही हीच कसोटी लागू पडते. तेथे माल डोळ्यांना दिसत नाही. म्हणून उरलेल्या कामाचा अंदाज अधिक चुकतो.

मायक्रोसॉफ्टचे ‘हायपर-व्ही’ हे याचे बोधप्रद उदाहरण आहे. एका मोठ्या गोदामात भिंती घालून अनेक पेढ्यांनी स्वतंत्र व्यवहार करावा, तसे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारे हे सॉफ्टवेअर. एकाच्या बिघाडाची झळ दुसऱ्याला लागता कामा नये. त्यामुळे एक सोय वाढवली की तिची तपासणी इतर सोयींबरोबरही करावी लागते आणि काम झपाट्याने वाढत जाते.

‘विंडोज सर्व्हर २००८’ सिद्ध झाल्यापासून १८० दिवसांच्या आत हायपर-व्ही देण्याचा वायदा कंपनीने केला होता. परंतु एप्रिल २००७ मध्ये चाचणी आवृत्तीच वर्षाच्या उत्तरार्धात ढकलावी लागली. तेव्हा दोनच मार्ग उरले: अंतिम तारीख पुढे नेणे किंवा सोयींची यादी आखडणे.

मे महिन्यात कंपनीने दुसरा मार्ग जाहीर केला. चालू आभासी संगणक काम न थांबवता दुसऱ्या सर्व्हरवर हलवण्याची सोय पहिल्या आवृत्तीतून वगळली. चालू असतानाच मेमरी वा प्रोसेसर वाढवण्याची सोयही गेली. हा त्याग लहान नव्हता. संगणक हलवण्याची सोय प्रतिस्पर्धी व्हीएमवेअरकडे २००३ पासूनच होती. मात्र ग्राहकांना वर्षभर आधी कळल्याने त्यांना आपली आखणी बदलता आली.

विंडोज सर्व्हर ४ फेब्रुवारी २००८ रोजी सिद्ध झाला आणि हायपर-व्ही २६ जून रोजी, म्हणजे १४३ व्या दिवशी. वगळलेली स्थलांतराची सोय २००९ च्या आवृत्तीत आली.

माणसे वाढवून वेळ भरून निघेल, असे अनेकांना वाटते. आयबीएमच्या मोठ्या प्रकल्पाचा अनुभव घेतलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात उलट निष्कर्ष मांडला: रखडलेल्या कामावर नवी माणसे घातली की ते आणखी रखडते. कारण त्यांना शिकवण्यात जाणत्यांचाच वेळ खर्ची पडतो.

पेढीसाठी नवे सॉफ्टवेअर करून घेताना हा धडा उपयोगी पडतो. करार करतानाच यादीचे दोन भाग पाडावेत. १ एप्रिलला बिले, साठा आणि खातेवही चालू झालीच पाहिजेत. शाखांचे तुलनात्मक अहवाल जुलैत आले तरी चालतील. दर पंधरा दिवसांनी तयार झालेला भाग प्रत्यक्ष चालवून पाहावा. आणि विलंबाची बातमी मार्चअखेरीस नव्हे, जानेवारीतच मिळावी, अशी अट लेखी घालून घ्यावी.