चोर सुटला, संन्यासी फासावर

७ मार्च २०१०, रविवार. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘असॅसिन्स क्रीड २’ हा खेळ युरोपात कॉम्प्युटरवर येऊन जेमतेम दोन-तीन दिवस झाले होते. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या कौलांवरून उड्या मारत हिंडायचं, तेही एकट्यानेच. त्यात इंटरनेटचं काही कामच नाही. तरीही त्या दिवशी रोख पैसे मोजलेल्या कित्येकांचा खेळ सुरूच होईना. कंपनीच्या सर्व्हरवर कुणीतरी हल्ला केला होता, आणि सर्व्हरने होकार दिल्याखेरीज खेळ पुढे सरकणार नाही, ही तजवीज चोरट्या प्रती रोखण्यासाठी कंपनीनेच करून ठेवलेली होती. पुढे काही आठवड्यांत चोरांनी हे कुलूप फोडलं. मग फुकट्यांचा खेळ बिनघोर चालू लागला आणि सर्व्हरची वाट बघणं उरलं ते फक्त प्रामाणिक गिऱ्हाइकाला.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चोरट्या सीड्यांचे ढीग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. मोठ्या खेळाची बरीचशी कमाई पहिल्या काही आठवड्यांतच होते. तेवढे दिवस कुलूप टिकलं तरी कंपनीला पुरतं. पूर्वी खेळ सुरू करताना माहितीपुस्तिकेतला अमुक पानावरचा शब्द विचारत. २००४ साली ‘हाफ-लाइफ २’ने डिस्क विकत घेणाऱ्यालाही स्टीम या ऑनलाइन सेवेवर नोंदणी करायला लावली. पण ती तपासणी दारावरची होती. २०१०मध्ये पहारेकरी घरातच येऊन बसला.

मार्च २०१३मध्ये आलेल्या ‘सिमसिटी’ या खेळाने याची पुढची पायरी दाखवली. या वेळी हल्ला कुणाचाच नव्हता, गिऱ्हाइकांच्या गर्दीनेच सर्व्हर कोलमडले. ऑनलाइन राहणं हा खेळाचा गाभाच आहे, असं निर्माते सांगत राहिले. मात्र एका हौशी तंत्रज्ञाने थोडी खटपट करून तो इंटरनेटविना चालवून दाखवला, आणि वर्षभराने त्या खेळाच्या कंपनीने स्वतःच ऑफलाइन खेळण्याची सोय दिली. ‘जमणारच नाही’ म्हटलेलं जमलं होतं.

सर्व्हर चार तास बंद पडला तर माणूस चरफडतो आणि विसरतो. तो कायमचा बंद झाला तर? अमेरिकाभर गाडी हाकत फिरण्याचा युबिसॉफ्टचाच ‘द क्रू’ हा खेळ २०१४मध्ये आला. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले, आणि एकट्याने खेळायचा भागही त्यांच्यासोबत गेला. डिस्क कपाटात तशीच होती, पण शोभेपुरती. काही खेळाडू कॅलिफोर्नियात कोर्टात गेले, तेव्हा कंपनीचं म्हणणं असं पडलं की आम्ही खेळ विकला नव्हता, वापरण्याचा परवाना दिला होता.

‘द क्रू’ बंद पडण्यातूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी केली. बंद करताना खेळ चालू राहील अशा अवस्थेत सोडा, एवढीच तिची मागणी. युरोपीय संघाकडे गेलेल्या तिच्या अर्जाने २०२५मध्ये दहा लाख सह्यांची अट ओलांडली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून लागू झालेला कायदा म्हणतो, परवानाच देत असाल तर ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. नुसतं ‘विकत घ्या’ लिहून भागणार नाही. कायमची उतरवून ठेवता येणारी, इंटरनेटविना चालणारी प्रत देणाऱ्याला मात्र यातून सूट आहे.

ती सूटच खेळाडूला निकष देऊन जाते. कंपनीची नियत तपासत बसण्यात अर्थ नाही. युबिसॉफ्टनेही चोरी रोखण्यासाठी लावलेली सततच्या जोडणीची सक्ती पुढे सोडली, आणि तरी ‘द क्रू’ गेलाच. पैसे देण्याआधी इतकंच बघावं: कंपनीने उद्या दुकान बंद केलं तर माझ्या हातात काय उरतं? जीओजीसारखं दुकान २००८पासून बिनकुलपाचे खेळ विकतं. फाइल उतरवून घेतली की ती आपली. तिथे पूर्ण किंमत मोजावी. जिथे किल्ली विकणाऱ्याच्याच कनवटीला राहते, तिथे भाड्याइतकेच पैसे द्यावेत. घरमालक भला असला तरी भाड्याचं घर आपलं होत नाही.