नाशिकची मिसळ : कुठे, केव्हा आणि कशी

नाशिककरांचा आवडता नाश्ता मिसळ. गोदावरीच्या दोन्ही काठांवरच्या जुन्या पेठांपासून सातपूरच्या कामगार वस्तीपर्यंत आणि तिथून मखमलाबादच्या द्राक्षमळ्यांपर्यंत शहराच्या प्रत्येक भागात मिसळीचं निदान एक तरी नावाजलेलं ठिकाण आहे. प्रत्येक भागाची चव वेगळी, बसण्याची तऱ्हा वेगळी आणि गर्दीची वेळही वेगळी. त्यामुळे बाहेरगावाहून येणाऱ्याने आधी आपल्याला कोणती मिसळ हवी आहे ते ठरवावं. ठिकाण त्यावरून आपोआप ठरतं.

पुण्याच्या मिसळीत पोहे किंवा चिवडा घालण्याची जुनी पद्धत आहे. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड मिळतो आणि रस्सा तांबडाजर्द असतो. नाशिकला मोड आलेली मटकी, वर शेव-फरसाण, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, सोबत पाव आणि बहुतेक ठिकाणी भाजलेला किंवा तळलेला पापड असतो. रस्सा वेगळ्या वाटीत येतो आणि संपला की पुन्हा वाढला जातो. बऱ्याच ठिकाणी दह्याची वाटीही ताटात असते.

नाशिकची खरी ओळख म्हणजे काळ्या मसाल्याची मिसळ. हा काळेपणा भाजण्यातून येतो. कांदा आणि सुकं खोबरं जवळजवळ काळपट होईपर्यंत भाजतात. त्यात धने, जिरे, लवंग, तमालपत्र, दगडफूल आणि सुक्या मिरच्या पडतात. हे वाटण तेलात मंद आचेवर परतलं, की कडेने तेल सुटू लागतं. मग गरम पाणी घालून रस्सा उकळतात. वर तरंगणारा तेलाचा थर म्हणजे तर्री. भाजणं कमी पडलं तर रस्सा नुसता तिखट लागतो, जास्त झालं तर कडवट. मटकीचीही तयारी आदल्या दिवसापासून चालते. ती रात्रभर भिजवायची, निथळायची आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. मोड आलेली मटकी शिजवताना दाणा अख्खा राहिला पाहिजे. मटकीचा गाळ झाला, की मिसळीतली मजा गेली.

जुन्या नाशिकपासून सुरुवात करायची तर मेन रोडवरचं भगवंतराव हे नाव आधी येतं. मिठाईच्या दुकानात मिसळ मिळण्याची इथली रीत जुन्या पेठेला साजेशी आहे : तिखट खाऊन झाल्यावर गोड शोधायला लांब जावं लागत नाही. सोबतच्या कुणाचा उपवास असेल, तर याच परिसरात सायंतारा हे साबुदाणा वड्याचं प्रसिद्ध ठिकाण आहे. नदीच्या पलीकडे पंचवटी कारंजाजवळची अंबिका काळ्या रश्श्यासाठी ओळखली जाते. रामकुंड आणि काळाराम मंदिर इथून जवळ असल्याने सकाळी लवकर दर्शन आणि मग मिसळ असा क्रम सोयीचा पडतो. हा सगळा भाग अरुंद गल्ल्यांचा आहे. गाडी लांब लावून पायी येणं उत्तम.

त्र्यंबक रोडवरच्या सातपूरची मिसळ औद्योगिक वसाहतीबरोबर वाढली. मायको, महिंद्र यांच्यासारख्या कारखान्यांमुळे या बाजूला कामगारांची मोठी वस्ती झाली. पहिल्या पाळीला जाणाऱ्याला आणि रात्रपाळी संपवून परतणाऱ्याला झटपट मिळणारं, पोटभरीचं आणि परवडणारं खाणं हवं होतं. ते मिसळीने दिलं. सातपूरची श्यामसुंदर मिसळ आज शहरभर माहीत आहे. सिडकोत विहार आणि कॉलेज रोडच्या बाजूला तुषार ही नावंही नाशिककरांच्या तोंडी आहेत. कॉलेज रोडला विद्यार्थ्यांची वर्दळ असल्याने तिथे भल्या सकाळी फारशी गर्दी नसते. ती उशिरा सुरू होते.

तिसरा प्रकार मळ्यातल्या मिसळीचा, आणि नाशिकचं हे वैशिष्ट्य दुसऱ्या शहरात या प्रमाणात सापडत नाही. गंगापूर रोड आणि मखमलाबाद या बाजूंना द्राक्षबागा शहराला लागूनच आहेत. सुला वाइनयार्ड्सची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली आणि पुढे मुंबई-पुण्याचे पर्यटक या रस्त्यांना वळू लागले. शहरातल्या कुटुंबांनाही रविवारी मोकळ्या हवेत बसायला जागा हवी होती. मोतीवाला कॉलेज रोडवरच्या हरदेव बागेतलं साधना हे चुलीवरच्या मिसळीसाठी प्रसिद्ध झालं; लाकडाच्या जाळावर उकळणाऱ्या रश्श्याला धुराचा हलका वास लागतो. मखमलाबादकडच्या ग्रेप एम्बसीत द्राक्षांच्या मांडवाखाली बसून मिसळ खाता येते. मळ्यातल्या मिसळीच्या ताटात अनेकदा गुलाबजाम किंवा जिलेबीही असते.

मळ्यात जायचं तर द्राक्षाचं वेळापत्रक पाहून जावं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीला फुटवा येतो, हिवाळ्यात घड भरतात आणि साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीची धांदल असते. मांडवाला लटकलेले घड पाहायचे असतील तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मांडव काही काळ उघडा पडतो आणि सावली विरळ होते.

मिसळ खाण्यालाही क्रम आहे. आधी थोडा रस्सा घालून मटकी चाखावी, मग शेव-फरसाण मऊ पडण्याआधी घास घ्यावा. सगळा रस्सा एकदम ओतला, तर कुरकुरीतपणा जातो. तिखट झेपत नसेल तर कमी तिखट रस्सा मागून घ्यावा, नाहीतर तर्री बाजूला सारून खालचा रस्सा घ्यावा. दही जिभेला आराम देतं, पण काळ्या मसाल्याची चव कळायला पहिले काही घास दह्याविना खाल्लेले बरे.

वेळेबाबत एवढं लक्षात ठेवावं, की मिसळ सकाळची. सुट्टीच्या दिवशी उशीर झाला तर नामांकित ठिकाणी थांबावं लागतं, म्हणून लवकर निघावं. ज्याच्याकडे एकच सकाळ आहे आणि ज्याला मसाल्याची पारख करायची आहे, त्याने पंचवटी किंवा मेन रोड गाठावा. कामगारांच्या नाशिकची चव हवी असेल त्याने सातपूर. आणि मुलंबाळं, आजी-आजोबा सोबत असतील तर मळ्याइतकी ऐसपैस जागा दुसरी नाही.