रोजच्या वापरातलं (लेखांक ७) : तळून उरलेलं तेल

मागच्या आठवड्यात कपडे धुण्याच्या पावडरीचा माग काढत आपण मोरीतून नदीपर्यंत गेलो. या खेपेलाही शेवटी मोरीपाशीच यायचं आहे, पण सुरुवात कढईपासून करू. सणाचं तळण आटोपतं, पाहुणे जातात आणि ओट्यावर अर्धी कढई तेल उरतं. त्याचं काय करायचं? बहुतेक घरांत ते गाळून बरणीत भरतात आणि फोडणीला, पराठ्याला, पुढच्या भज्यांना संपेपर्यंत वापरतात. फारच काळं पडलं तर भांडी घासताना कुणाच्या नकळत मोरीत ओततात. तेल टाकायचं म्हटलं की जिवावर येतं. ते स्वाभाविकच आहे, कारण तेल महाग आहे. तेव्हा ही सवय आळशीपणाची नाही, काटकसरीची आहे, आणि म्हणूनच ती सुटत नाही.

तळणाचं तेल साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसवर असतं. त्यात ओल्या पिठाचा वडा सोडला की चर्र होतं, म्हणजे पिठातल्या पाण्याची वाफ होते. ही वाफ तेलाचे रेणू फोडते आणि त्यातली स्निग्धाम्लं सुटी होतात. वरून हवेतला ऑक्सिजन लागतो, त्याने तेल खवट होऊ लागतं. तिसरी गोष्ट म्हणजे तापलेले रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाड, चिकट साखळ्या बनतात. हे पाहायला प्रयोगशाळेत जायला नको. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यावरून बोट फिरवा. तिथे जो पिवळसर, चिकट, कितीही घासला तरी न निघणारा थर असतो, तो याच क्रियेने तयार झालेला. तेच कढईतही चालू असतं. म्हणून जुन्या तेलात घाणा टाकला की बारीक फेस उठतो आणि लवकर बसत नाही, झारा उचलला की तेल चटकन निथळत नाही, आणि पुऱ्या नेहमीपेक्षा जास्त तेल पितात. तेल वाचवायला जावं तर पुरीच ते पोटात घेऊन येते!

सुगरणीला हे नुसत्या वासावरून कळतं. कायद्याला मात्र आकडा लागतो. तेल जसजसं बिघडतं तसतशी त्यात ध्रुवीय संयुगं वाढत जातात. ताज्या तेलात ती थोडीच असतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १ जुलै २०१८पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवून दिली आहे. त्यापुढे गेलेलं तेल खाण्याच्या कामाचं नाही. हे मोजायला गरम तेलात बुडवायचं छोटं यंत्र मिळतं, रंग बदलणाऱ्या पट्ट्याही मिळतात. घरी कुणी पट्ट्या आणून बसणार नाही, हे उघड आहे.

इथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. ज्या पिशवीवर लाल हृदयाचं चित्र असतं ते सूर्यफुलाचं किंवा करडईचं तेल आपण विश्वासाने आणतो. त्यात लिनोलिक आम्ल भरपूर असतं आणि ते कोशिंबिरीवरच्या फोडणीत चांगलंच. पण हेच आम्ल उष्णतेत आणि हवेत लवकर मोडतं आणि त्यातून अल्डिहाइड जातीची त्रासदायक द्रव्यं निघतात. म्हणजे हृदयासाठी आणलेलं तेल पुन्हा पुन्हा तळणाला वापरलं तर ते नेमकं उलट काम करू लागतं. शेंगदाण्याचं तेल त्या मानाने जास्त टिकाव धरतं. मात्र लाकडी घाण्याचं, न गाळलेलं तेल लवकर धुरावतं, म्हणून ते मोठ्या आचेवर तासभर ठेवण्यात अर्थ नाही.

शरीरावर काय परिणाम होतो? प्राण्यांवरच्या प्रयोगांत वारंवार तापवलेल्या तेलाने रक्तदाब वाढल्याचं आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा झाल्याचं दिसलं आहे. माणसांत हे वेगळं काढून दाखवणं अवघड जातं, कारण रोज तळलेलं खाणारा माणूस मीठ आणि मैदाही तितक्याच आवडीने खात असतो. महिन्यातून एकदा गाडीवरचा वडा खाल्ल्याने काही होत नाही, उगाच कुणी कुणाला घाबरवू नये. जपायचं ते रोजच खाणाऱ्याने. आणि त्याहून जास्त रोज तळणाऱ्याने, कारण त्याच्या छातीत धूर जातो. तेल धुरावलं की डोळे चुरचुरतात ते अ‍ॅक्रोलिनमुळे. तेलातलं ग्लिसरीन जळून ते तयार होतं. चीनमध्ये कधीही सिगारेट न ओढलेल्या बायकांना फुप्फुसाचा कर्करोग का होतो, हे शोधताना संशोधक कढईच्या धुरापर्यंत पोहोचले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जास्त तापमानावरच्या तळणाचा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातलेला आहे. लग्नाच्या मांडवामागे बंद पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर जिलब्या आणि पुऱ्या काढणाऱ्या आचाऱ्याचा विचार आपण पंगतीत बसून कधी करत नाही.

तळणाऱ्याचं नाव काढलं की बोट लगेच वडापावच्या गाडीकडे वळतं. गाडीवाला तेल बदलत नाही, हे खरं आहे. पण त्याच्याकडचं तेल आलं कुठून, हेही विचारायला हवं. मोठी हॉटेलं, फरसाणाचे कारखाने, उपाहारगृहं यांच्याकडे वापरलेलं तेल डब्यांनी उरतं. ते ओतून देण्यापेक्षा विकलेलं परवडतं, आणि विकत घेणारा पुढे ते स्वस्तात धाब्याला, टपरीला देतो. एकदा वापरलेलं तेल असं कमी पैशांच्या गिऱ्हाइकाकडे उतरत जातं आणि सगळ्यांत वाईट तेल त्याच्या ताटात पडतं ज्याचं दुपारचं जेवण म्हणजे एक वडापाव. हा माल खाण्यात परत येऊ नये म्हणून एफएसएसएआयने मार्च २०१९पासून नियम केला: दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्याने नोंदवही ठेवायची आणि उरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं. नियम चांगला आहे. गाडीवाला मात्र ५० लिटरांच्या आसपासही जात नाही, त्यामुळे त्याच्या दारात संकलकाचा टेम्पो येत नाही. त्याला दंड करायला माणूस येतो, पण त्याचं काळं तेल रोख पैसे देऊन उचलायला कुणी येत नाही. माझ्या मते अर्धा प्रश्न इथेच अडकला आहे.

आता मोरी. गरम तेल सहज वाहून जातं आणि आपल्याला वाटतं, गेलं. पाइपात ते थंड होतं, भिंतीला चिकटतं, त्यावर भाताची शितं, केस, चहाचा चोथा बसत जातो. साबणाने ते धुऊन निघतं हा गैरसमज आहे, साबण त्याला फक्त पुढच्या वळणापर्यंत पोहोचवतो. गटारात तेलातली स्निग्धाम्लं कॅल्शियमशी मिळून साबणासारखा कडक गोळा तयार होतो. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या जुन्या गटारात असा एक गोळा सापडला. लांबी सुमारे २५० मीटर, वजन सुमारे १३० टन! तो फोडून काढायला माणसं आठवडेच्या आठवडे राबत होती आणि पुढे त्याचा एक तुकडा लंडनच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत मांडला गेला. आपल्याकडे सोसायटीचं चेंबर तुंबलं की एक माणूस बोलावतात आणि तो बांबूची पट्टी घालून मोकळं करून देतो. त्याच्या हाताला लागणारा पांढरट, घाण वासाचा लगदा म्हणजे कुणाच्या तरी दिवाळीच्या चकल्या. तेल त्यातूनही पुढे गेलंच, तर पाण्यावर पसरून हवा आत जाऊ देत नाही. सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू ऑक्सिजनवर जगतात, त्यांची कोंडी होते आणि नदीतल्या माशांचीही.

शिवाय हे तेल मुळात आपलं नसतंच. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि त्यात मोठा वाटा इंडोनेशिया, मलेशियाच्या पामतेलाचा असतो. ‘आमच्याकडे पाम येत नाही’ म्हणणाऱ्यांनी बिस्किटाचा पुडा आणि फरसाणाची पिशवी उलटून वाचावी. पामच्या आणि कागदाच्या लगद्याच्या मळ्यांसाठी सुमात्रा आणि बोर्निओतली दलदलीची जंगलं आटवली, जाळली गेली. २०१५च्या आगींत इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जमीन होरपळली आणि धुराने सिंगापूरपर्यंत लोकांचे घसे धरले.

काळ्या तेलाला चांगली गतीही आहे. मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा वापरून त्याचं बायोडिझेल होतं, शिवाय ग्लिसरीन मिळतं. कल्पना नवी नाही. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने डिझेल जातीचं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आपल्या २०१८च्या जैवइंधन धोरणात २०३०पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य आहे, आणि २०१९मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांत वापरलेल्या तेलापासूनचं बायोडिझेल विकत घेण्याची तयारी जाहीर केली. खरेदीदार आहे, रीत आहे. कच्चा माल मात्र लाखो घरांत पाव-पाव लिटरने विखुरलेला आहे. पालिकेने ओला आणि सुका कचरा वेगळा करायला शिकवला, पण काळ्या तेलाचा डबा कुठे ठेवायचा हे कुणी सांगितलं नाही.

तोवर घरात करण्यासारखं पुष्कळ आहे. कढई लहान घ्या. तळहाताएवढ्या पुरीला वीतभर खोल तेल लागत नाही, आणि मग उरतंही कमी. पितळी किंवा लोखंडी कढईत तेल ठेवून देऊ नका, तांबं आणि लोखंड तेलाला लवकर खवट करतात. गाळून, चुरा पूर्ण काढून, स्टीलच्या झाकणाच्या डब्यात अंधारात ठेवा आणि एक-दोन दिवसांत भाजीला संपवा, पुन्हा तळायला घेऊ नका. जुन्यात नवं ओतलं तर नवंही लवकर जातं. तेलकट कढई घासण्याआधी रद्दी कागदाने पुसा. रद्दीचा हा खरा उपयोग, वडा गुंडाळण्याचा नव्हे. आणि पुढच्या सोसायटीच्या बैठकीत पार्किंगच्या वादातून पाच मिनिटं काढून एक विषय मांडा: तळमजल्यावर झाकणाचा एक कॅन ठेवायचा, सगळ्यांनी त्यात तेल आणून ओतायचं आणि भरला की अधिकृत संकलकाला फोन करायचा. एका घराच्या पाव लिटरसाठी टेम्पो येणार नाही, पण चाळीस घरांच्या कॅनसाठी येऊ शकतो.

पुढच्या आठवड्यात : उदबत्ती आणि डासांची कॉइल.