डोंबिवलीच्या नावाची संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, सारखीच आहे. 'लीलावती'तील स्थानांच्या यादीप्रमाणे तिचा पहिला अंक 'मध्य' या स्थानावर, म्हणजे परार्धाच्या एक घर अलीकडे येतो. ही संख्या म्हणजे नऊ एकांनी बनलेल्या १११११११११ या संख्येचा वर्ग होय.

अशा संख्यांचा अभ्यास दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी केला. त्यांचा जन्म तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणूचा, शालेय शिक्षण ठाण्याचे आणि नोकरी देवळालीच्या शाळेत शिक्षकाची. जी. आय. पी. रेल्वेवरील डोंबिवली स्थानकात ही कल्पना सुचली, म्हणून त्यांनी या संख्यांना 'डेम्लो' असे नाव दिले. १९३८ मध्ये त्यांचे याविषयीचे टिपण 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट'मध्ये प्रसिद्ध झाले.

डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात. पहिला व शेवटचा भाग मिळवला की मधल्या भागातील अंकच ओळीने येतो. उदाहरणार्थ, १६५ मध्ये १ + ५ = ६; २५५३ मध्ये २ + ३ = ५. आपल्या मोठ्या संख्येत मधला अंक ९ आहे आणि

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

आता वर्गांची ही मालिका पाहा :

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

हे का घडते? गुणाकार मांडताना एकांची प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे एकक स्थानी एक, दशक स्थानी दोन, शतक स्थानी तीन असे एक जमतात. मधल्या स्तंभानंतर ते एकेकाने कमी होतात. नऊ ओळींपर्यंत कुठेही हातचा येत नाही.

दहा एक घेतले तर? पुष्कळ विद्यार्थी १२३४५६७८९१०९८७६५४३२१ असे उत्तर देतील. त्यांना आधी अंक मोजायला सांगावे. ते वीस भरतात. पण ११११११११११ ही संख्या दोनशे कोटींपेक्षा लहान असल्याने तिच्या वर्गात एकोणीसपेक्षा जास्त अंक असूच शकत नाहीत. मधल्या स्तंभात दहा एक जमतात, हातचा येतो आणि खरे उत्तर मिळते :

१२३४५६७९००९८७६५४३२१

संगणकावर पडताळा घेतानाही सावध असावे. एक्सेलसारखा तक्ता पंधरा सार्थ अंकच राखतो, म्हणून नऊ एकांच्या वर्गाच्या शेवटी तो दोन शून्ये दाखवतो. विषम संख्येचा वर्ग सम कसा येईल, एवढा प्रश्न वर्गात विचारला की पुरे.

चार उदाहरणांत दिसलेला आकृतिबंध म्हणजे सिद्धता नव्हे. तो का टिकतो हे समजले, की तो कुठे मोडणार हेही आधीच सांगता येते. आम्हाला वाटते, हा पाठ खडू-फळ्यावर एका तासात सहज घेता येईल. मुलांसाठी एक प्रश्न : या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि तिला ८१ ने निःशेष भागही जातो. तो का जातो? १११११११११ = ९ × १२३४५६७९ हे लक्षात घ्या.