स्वयंपाकघरातील वीज आणि प्लगची तिसरी पिन

खेड्यापाड्यांतील स्वयंपाकघरांत मिक्सरपाठोपाठ विजेची शेगडी व पाणी तापविण्याची किटलीही आली आहे. अशी वस्तू घेताना किंमत पाहिली जाते, क्वचित हमीपत्रही वाचले जाते. परंतु ती ज्या सॉकेटला जोडावयाची, त्याचा विचार बहुधा होत नाही.

घरगुती विजेचा दाब 230 व्होल्ट असतो. 2,000 वॅटची इंडक्शन शेगडी त्या दाबावर सुमारे 8.7 अँपिअर प्रवाह घेते. दिवे-पंख्यांच्या फलकावरील लहान सॉकेट केवळ 6 अँपिअरचे असते. म्हणून शेगडीसाठी 16 अँपिअरचे सॉकेट आणि मुख्य फलकापासून आणलेली, निदान अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची तार हवी. मोठा प्लग लहान सॉकेटात बसत नाही, ही अडवणूक मुद्दाम केलेली आहे. बाजारातील जोडतुकडा लावून ती ओलांडली, की सॉकेट तापू लागते.

प्लगची वरची पिन इतर दोहोंपेक्षा लांब व जाड असते. लांब अशासाठी, की प्लग लावताना जमिनीशी संपर्क आधी व्हावा आणि काढताना तो शेवटी तुटावा. उपकरणातील फेजची तार धातूच्या आवरणास टेकली, तर वीज या पिनेच्या हिरव्या तारेवाटे जमिनीत जाते. (एकात एक दोन चौकोन अशी खूण असलेल्या उपकरणांना दुहेरी आवरण असते, त्यांना ही पिन लागत नाही.)

मात्र अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला, तर काय होते ते पाहण्याजोगे आहे. समजा, त्या मार्गाचा रोध 46 ओहम झाला. मग 230 व्होल्टला प्रवाह होतो अवघा 5 अँपिअर. 16 अँपिअरचा फ्यूज त्याने वितळत नाही आणि शेगडीचे आवरण तसेच सजीव राहते. ओल्या हाताने तिला स्पर्श करणाऱ्या गृहिणीच्या जिवाला त्या वेळी फ्यूजचा काहीही आधार नसतो; फ्यूज तारेच्या रक्षणासाठी आहे. माणसासाठी आरसीसीबी नावाचा खटका असतो. आत गेलेला व परत आलेला प्रवाह यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडताच तो वीज तोडतो.

अर्थिंग नाही म्हणून तिसरी पिन सॉकेटातच न्यूट्रलला जोडून देण्याची युक्ती काही कारागीर करतात. ती निव्वळ घातक होय. मागे कोठे न्यूट्रल तुटली, तर निर्दोष उपकरणाचे आवरणही फेजच्या दाबावर येते.

शाळा व अंगणवाडी यांच्या स्वयंपाकघरांची तपासणी परवानाधारक तारतंत्रीकडून ग्रामपंचायतींनी वैशाखातच करून घ्यावी, कारण खड्ड्याची खरी परीक्षा तेव्हाच होते. रोधाचा मोजलेला आकडा नोंदवहीत लिहावा. आरसीसीबीवर चाचणीचे एक लहान बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून खटका पडतो की नाही, हे मुख्याध्यापकांना स्वतःही पाहता येईल.