पावसाळी रविवार आणि घरी राहिलेलं माणूस

जुलैतला रविवार. आभाळ सकाळपासून भरलेलं, गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही ओलेच, आणि नातू खिडकीच्या काचेला नाक लावून विचारतो, "आजोबा, आज कुठे जायचं?"

पावसाळ्यातल्या रविवारी मुंबईत हा प्रश्न घरोघर विचारला जातो. चौपाटी नको, बाग नको. डोक्यावर छप्पर हवं. हल्ली त्याचं उत्तर तयार असतं, मॉल. तिथे थंडगार हवा असते, सरकते जिने असतात, आणि दोन तासांनी बाहेर पडताना खिशात बिलांची चळत असते. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला ती बेरीज केल्यावाचून राहवत नाही.

आमच्या लहानपणी उत्तर वेगळं होतं. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराची खोली. आईवडील, आजी आणि आम्ही चार भावंडं. पावसाळ्यात ती खोली आणखी लहान व्हायची. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर ओले कपडे, धाकट्याची दुपटी वाळवायला शेगडीवर पालथी घातलेली वेताची टोपली. क्रिकेट बंद, विटीदांडू बंद, म्हणून चौघांची मारामारी त्या एकशेवीस फुटांत चालू. अण्णा गिरणीत साचेखात्यात होते. रविवारी जेवणं उरकली की ते टोपी चढवायचे आणि म्हणायचे, "चला, बाहेर पडा सगळे." दोन छत्र्या, एक मेणकापडाचा कोट आणि चण्यांची पुडी एवढ्या सामग्रीवर आमची सहल निघे.

ठरलेली ठिकाणं दोन. एक राणीच्या बागेतलं म्युझियम. लालबागहून तिथवर चालत जाता येई, म्हणजे गाडीभाडं वाचे. १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं हे संग्रहालय तेव्हा राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या नवऱ्याच्या नावाचं होतं. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव मिळालं. आम्हांला नावाशी कर्तव्य नव्हतं. आम्ही बघायला जायचो ती मातीची माणसं. मुंबईतल्या नाना जातीजमातींचे, नाना धंद्यांतले, तऱ्हेतऱ्हेच्या पागोट्यांतले वीतभर पुतळे काचेच्या कपाटांत उभे असत. अण्णा प्रत्येक पागोटं कुणाचं ते ओळखायला लावत. बाहेर दगडी हत्ती भिजत उभा असायचा. इंग्रजांनी घारापुरीहून तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, आणि तुकडे जोडून अखेर इथेच उभा राहिला, ही गोष्ट अण्णा दरवेळी सांगायचे आणि आम्ही दरवेळी ऐकायचो.

दुसरं ठिकाण तारापोरवाला मत्स्यालय. ते १९५१ साली सुरू झालं. तिथे जायचं म्हणजे करी रोडचा पूल ओलांडून लोअर परळला चालत जायचं आणि चर्नी रोडचं तिकीट काढायचं. म्हणून ते वर्षातून एकदाच. बाहेर समुद्र खवळलेला, आणि आत हिरवट उजेडात मासे संथपणे फिरताहेत. आपल्या अंगावरचं पाणी निथळतंय आणि काचेपलीकडचे मासे आपल्याकडे बघताहेत, याची मला फार गंमत वाटायची.

एक गोष्ट तेव्हा कळायची नाही. सगळं बघून झालं तरी अण्णा परतायची घाई करत नसत. चर्नी रोडच्या बाकावर बसून दोन-दोन गाड्या सोडून देत. धाकटा रडायला लागला तर त्याला खांद्यावर घेऊन फलाटावर येरझाऱ्या घालत. आम्हांला वाटे, पाऊस थांबायची वाट बघताहेत.

पुढे मी बँकेत लागलो, घर उपनगरात गेलं. माझ्या मुलांच्या वाट्याला वेगळी छपरं आली. शिवाजी मंदिरात रविवारी बालनाट्य असलं की आम्ही जायचो. सुधा करमरकरांनी १९५९ साली 'लिटल थिएटर' काढून आणि रत्नाकर मतकरींनी नाटकं लिहून मराठी मुलांना हे छप्पर दिलं. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण माझ्या मुलाला आठवडाभर झोपू देत नव्हती. वरळीचं नेहरू तारांगण १९७७ सालचं. पावसाळ्यात महिनोन्‌महिने चांदणी दिसत नाही, तेव्हा घुमटाखाली मान मागे टाकून सगळं आकाश बघण्यात काही और सुख आहे. तिथून जवळच नेहरू विज्ञान केंद्र, १९८५ सालचं. तिथे 'हात लावू नका' ही पाटी नाही, उलट हात लावल्याशिवाय काही चालतच नाही. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत ज्या घरी उतरत, ते गावदेवीचं मणिभवनही असंच. वरच्या मजल्यावर त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या देखाव्यांतून मांडलेत. मुलं ते वाचत नाहीत, बघतात. आणि बघून प्रश्न विचारतात. २००४ साली रिझर्व्ह बँकेनं फोर्टात नाण्या-नोटांचं संग्रहालय उघडलं, तेव्हा तर मी मुलांपेक्षा जास्त वेळ काचेला नाक लावून उभा होतो.

एक इशारा मात्र देतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस ज्यानं बघितला तो हौसेनं पावसात निघत नाही. निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा आणि भरतीची वेळ बघावी. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले की हिंदमाताला गुडघाभर पाणी ठरलेलं. अशा दिवशी घरातलं छप्परच बरं.

आता मूळ गोष्ट सांगतो. २०१५ साली मत्स्यालय नवं रूप घेऊन पुन्हा उघडलं. काचेचा बोगदा केला होता; डोक्यावरून मासे जायचे. आई ऐंशीची झाली होती, अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका पावसाळी रविवारी तिला टॅक्सीत घालून घेऊन गेलो. ती त्या बोगद्यात माझा हात धरून कितीतरी वेळ वर बघत उभी राहिली. परतताना टॅक्सीत मला एकदम आठवलं, की चर्नी रोडच्या बाकावर आई कधीच नव्हती. म्युझियममध्येही नव्हती. विचारलं, "आई, तू का नाही गं आलीस कधी आमच्याबरोबर?"

आई हसली. म्हणाली, "तुम्ही गेलात की सासूबाई शेजारी भजनाला जायच्या. मी दाराला कडी लावायची आणि पाय पसरून झोपायची. आठवड्यात तेवढीच काय ती झोप रे." मग बाहेरच्या पावसाकडे बघत हळूच म्हणाली, "पण एकदा तरी विचारलं असतंत, तर बरं वाटलं असतं."

अण्णा गाड्या का सोडून देत, ते मला त्या टॅक्सीत कळलं. त्यांनी बायकोला झोप मिळवून दिली. विचारायचं मात्र राहून गेलं. आणि मी? मुलांना घेऊन वरळी-दादर करत होतो, तेव्हा माझ्या घरी मागे कोण राहत होतं, डबे कोण भरून देत होतं, याचा हिशेब मीही कधी मांडला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खात्यांतली चूक शोधणाऱ्या माणसाची ही चूक.

आई आता नाही. मत्स्यालयही २०२० साली साथीत बंद झालं. 'पुढच्या रविवारी नक्की' असं आपण ज्याच्या भरवशावर म्हणतो, ते छप्पर आणि ते माणूस दोन्ही तिथेच राहतील असं नसतं.

म्हणून परवा नातवानं विचारलं तेव्हा म्युझियमचा बेत ठरवला, मुलाला उठवलं, बायकोला विचारलं. ती तर आधीच पर्स घेऊन तयार होती. मग स्वयंपाकघरात गेलो. आठवडाभर लोकलनं ये-जा करणारी सून ओट्याशी डबा भरत होती. म्हटलं, "डबा राहू दे, आम्ही बाहेर खाऊ. तू येतेस का? की घरी थांबतेस?"

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग हसून म्हणाली, "बाबा, खरं सांगू? झोपते."

आम्ही संध्याकाळी सहाच्या आधी परतलो नाही.